सातबाऱ्यावरचा अर्धा शेरा

‘कु. का. क. ४३ च्या बंधनास पात्र.’ पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य सातबाऱ्यांच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात ही ओळ आजही आहे. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याच्या मालकीची झाली, ३२-म चे प्रमाणपत्र हातात पडले आणि त्याच सुमारास ही ओळ सातबाऱ्यावर चढली. प्रमाणपत्र मिळवणारे आजोबा गेले, त्यांची मुले थकली. आता नातू त्या जमिनीवर कर्ज काढायला किंवा ती विकायला निघतो, तेव्हा ही ओळ त्याला अडवते. अडवते, पण मार्ग सांगत नाही. कोणता व्यवहार बंद आहे? फक्त विक्री, की गहाण, बक्षीस आणि पट्टाही? परवानगी कोणाची लागते, तहसीलदारांची, प्रांतांची की जिल्हाधिकाऱ्यांची? बंधन कायमचे आहे की कधीतरी संपते? यातले काहीच त्या ओळीत नाही.

उत्तरे कायद्यात आहेत. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमातले कलम ४३ सांगते, की कुळाने कायद्याखाली खरेदी केलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, बक्षीस देता, अदलाबदल करता, गहाण टाकता किंवा पट्ट्याने देता येत नाही. जमीन सुधारणेच्या कर्जासाठी शासनाकडे किंवा सहकारी संस्थेकडे गहाण ठेवायला मात्र सूट आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये या कलमात मोठी दुरुस्ती झाली. खरेदीला दहा वर्षे उलटली असतील, तर पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. विक्रीपूर्वी जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीसपट नजराणा भरायचा, घेणारा शेतकरी असायला हवा, आणि कमाल धारणा व तुकडेबंदीचे कायदे पाळले गेले पाहिजेत, एवढ्याच अटी. ज्या जमिनीचा आकार पाच रुपये आहे तिचा नजराणा दोनशे रुपये होतो. साठच्या दशकात मालकी मिळालेल्या कुळांची दहा वर्षे कधीच उलटून गेली आहेत.

म्हणजे दोनशे रुपयांच्या चलनाने जे काम होते, त्यासाठी माणसे वर्षानुवर्षे थांबतात. ओळीत ‘बंधनास पात्र’ असते, म्हणून बँकेचा अधिकारी प्रकरण बाजूला ठेवतो, खरेदीदार भाव पाडतो आणि ‘मी करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ पुढे येतो. कायद्याने दिलेली सवलत कागदावरच्या अर्धवट शेऱ्यामुळे लाभार्थ्याच्या हाती पडत नाही.

शेतकऱ्याच्या अडाणीपणाकडे बोट दाखवून हा प्रश्न झटकला जातो. तसे करणे अन्यायाचे आहे. हीच ओळ शहरातल्या वकिलापुढे ठेवली, तरी तोही मूळ फेरफार मागतो, प्रमाणपत्राची तारीख विचारतो आणि मगच मत देतो. दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

शिवाय एकच गोष्ट सांगणाऱ्या ओळी तरी एकसारख्या असाव्यात, तशाही त्या नाहीत. महाराष्ट्रात कूळकायदे तीन. मुंबई इलाख्याचा १९४८ चा, हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाड्याचा १९५० चा आणि विदर्भाचा १९५८ चा. त्यामुळे साताऱ्यात जे बंधन ‘४३’ म्हणून लिहिले जाते, ते बीडमध्ये ‘५०-ब’ आणि अमरावतीत ‘५७’ असते. त्यातच सरकारने दिलेल्या जमिनी आल्या, कमाल जमीन धारणा कायद्यातल्या वाटपाच्या आल्या, महार वतनाच्या, भूदानाच्या, प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या आल्या. कुठे ‘नवीन शर्त’, कुठे ‘नवीन व अविभाज्य शर्त’, कुठे ‘नि. स. प्र.’, कुठे ‘हस्तांतरणास बंदी’, कुठे नुसते ‘भो. वर्ग २’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ वर्ग दोनच्या भोगवटादाराची व्याख्या करते ती एवढीच, की जमीन कायमची धारण करणारा, पण हस्तांतरणाच्या हक्कावर निर्बंध असलेला. निर्बंध कोणता, हे प्रत्येक कायद्यात निराळे. सातबाऱ्याने ते सांगायचे, तर सातबारा आद्याक्षरांवर थांबतो.

जिथे हा प्रश्न सोडवला गेला, तिथले उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जमीन नोंदणीला १८६२ मध्ये सुरुवात झाली. तिथल्या लँड रजिस्ट्रीकडे आज अडीच कोटींहून अधिक मालकीनोंदी आहेत. प्रत्येक नोंदीचे तीन भाग असतात. पहिल्यात मालमत्तेचे वर्णन, दुसऱ्यात मालकाचे नाव, तिसऱ्यात बोजे. मालकाच्या व्यवहार करण्याच्या अधिकारावर काही मर्यादा असेल, तर ती दुसऱ्या भागात, त्याच्या नावाखालीच लिहिली जाते. तिला तिथे ‘रिस्ट्रिक्शन’ म्हणतात.

१३ ऑक्टोबर २००३ रोजी तिथे जमीन नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. त्याच्या नियमांना जोडलेल्या चौथ्या परिशिष्टात या निर्बंधांचे ठरीव मजकूर छापलेले आहेत. त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे आहेत, पुढे एए, बीबी अशी दुहेरी अक्षरे. फॉर्म एन घ्या. त्याचा आशय असा, की अमुक पत्त्यावरच्या अमुक व्यक्तीच्या सहीची लेखी संमती असल्याशिवाय मालकाने केलेला कोणताही व्यवहार नोंदवू नये. फॉर्म एल संमतीऐवजी प्रमाणपत्र मागतो. अमुक करारातले अमुक कलम पाळले गेले आहे, किंवा या व्यवहाराला ते लागू नाही, असे ठरलेल्या माणसाने लिहून द्यायचे. फॉर्म एए न्यायालयाने मालमत्ता गोठवण्याचा हुकूम दिला असेल तेव्हाचा. अर्जदाराने अक्षर निवडायचे आणि नावे, पत्ते, तारखा एवढ्याच रिकाम्या जागा भरायच्या. वाक्य बदलायचे नाही.

या मजकुरांचे खरे मर्म त्यांच्या रोखात आहे. ते जमिनीचे वर्णन करत बसत नाहीत. ते थेट नोंदणी करणाऱ्या कारकुनाशी बोलतात: अमुक कागद समोर नसेल, तर हा दस्त नोंदवू नकोस. त्यामुळे कागद आला की नोंद, नाही आला की परत, एवढेच पाहायचे उरते. कायद्यातली व्याख्याही तशीच आहे, कोणत्या परिस्थितीत व्यवहाराची नोंद होऊ शकते याचे नियमन करणारी नोंद म्हणजे निर्बंध. ‘बंधनास पात्र’ ही ओळ कोणाशी बोलते? तलाठ्याशी, दुय्यम निबंधकाशी, बँकेशी की धारकाशी? ती कोणालाच काही करायला सांगत नाही, म्हणून प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ काढतो.

इंग्लंडमध्ये वारंवार भेटणारा निर्बंध म्हणजे फॉर्म ए. दोन भाऊ किंवा नवरा-बायको मिळून घर घेतात आणि आपापले हिस्से वेगळे ठेवतात, तेव्हा हा निर्बंध चढतो. त्याचा अर्थ असा, की यांच्यापैकी एकटाच मालक उरला आणि त्याने पैसे घेऊन घर विकले, तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती विक्री नोंदवायची नाही. विश्वस्त म्हणून काम करणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांना तेवढा अपवाद. गेलेल्या भावाचा हिस्सा त्याच्या मुलाबाळांचा आहे आणि तो उरलेल्या भावाने परस्पर खाऊ नये, यासाठी ही तजवीज. २००३ च्या आधीही जवळपास हीच तजवीज ‘फॉर्म ६२’ या नावाने होती. पिढ्यान् पिढ्या जवळपास एकच मजकूर राहिल्याने नवशिका कारकूनही तो बिनचूक लावतो.

महाराष्ट्रात याच गरजेपोटी सातबाऱ्यावर तीन अक्षरे येतात: ‘ए. कु. मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले, थोरल्याचे नाव लागले, नावामागे ही अक्षरे लागली आणि धाकटी भावंडे, बहिणी, आई या सगळ्यांचा हक्क त्या अक्षरांत मावला. हाताने लिहिण्याच्या काळात सातबारा साधारण दर दहा वर्षांनी नव्या कागदावर उतरवला जाई. उतरवताना ही अक्षरे गळाली, की थोरला एकटाच मालक दिसू लागे. अक्षरे राहिली, तरी त्यामागे नावे कोणती हे कळायला पन्नास वर्षे जुना फेरफार शोधावा लागतो. यात सर्वांत जास्त नुकसान झाले ते मुलींचे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. पण सासरी गेलेल्या बहिणीचे नावच ज्या कागदावर नाही, तिथे तिची संमती कोण विचारणार? अज्ञान मुलांच्या बाबतीत ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता या शेऱ्याचेही तेच. मूल चाळिशीला पोहोचते, तरी कागदावर अज्ञानच राहते.

इंग्लंडची पद्धत निर्दोष आहे, असे मुळीच नाही. फॉर्म एची मर्यादा त्याच्या मजकुरातच आहे. तो ‘एकटा’ मालक म्हणतो. दोन मालकांनी मिळून पैसे घेतले, की तो आड येत नाही, मग घरात पैसे घातलेल्या तिसऱ्या माणसाचे काहीही होवो. फ्लेग खटल्यात एका वृद्ध जोडप्याने मुलगी-जावयाबरोबर घर घेताना निम्म्याहून अधिक रक्कम घातली होती. घर नावावर होते ते मुलीच्या आणि जावयाच्या. त्या दोघांनी परस्पर ते गहाण टाकले. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने कर्ज देणाऱ्या संस्थेच्या बाजूने निकाल दिला, कारण पैसे दोन मालकांनी मिळून स्वीकारले होते. फ्लॅटच्या बाबतीतही तक्रारी आहेत. व्यवस्थापन कंपनीचे प्रमाणपत्र आणल्याशिवाय विक्री नोंदवू नये असा निर्बंध असला, की त्या प्रमाणपत्रासाठी कंपन्या पैसे लावतात.

तरीही तिथे निर्बंधाला जन्म आहे आणि मरणही आहे. निर्बंध नोंदवण्याचा, एखाद्या व्यवहारापुरता शिथिल करण्याचा, रद्द करण्याचा आणि मागे घेण्याचा असे चार वेगवेगळे अर्ज ठरलेले आहेत. संमती देणारी कंपनीच बुडाली असेल, तर दुसरा अर्ज वापरायचा. ज्याला ठरीव मजकुराबाहेरचे काही लिहायचे आहे, त्यालाही दार बंद नाही. मात्र तो मजकूर वाजवी आहे आणि तो लावताना रजिस्ट्रीवर अवास्तव ओझे पडणार नाही, याची खात्री पटली तरच तो स्वीकारला जातो. वाजवी कारण नसताना दुसऱ्याच्या मालकीनोंदीवर निर्बंध चढवायला गेलेला माणूस नुकसानभरपाईस जबाबदार धरला जातो. हे शेवटचे आपल्याकडे विशेष हवे आहे. दावा दाखल करायचा, त्याची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यायची आणि तडजोडीसाठी दबाव आणायचा, हा प्रकार महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याला नवा नाही. मुंबई इलाख्याने १९३९ मध्येच प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवण्याची तरतूद कायद्यात आणली होती, आणि ती चांगलीच होती. पण दावा निकाली निघाल्यावर ती नोंद आपोआप उतरत नाही. ज्याच्या जमिनीवर ती आहे, त्यानेच धावाधाव करायची.

अर्धवट शेऱ्याची किंमत फक्त खेड्यात मोजावी लागते, असा समज असेल तर मुलुंड-विक्रोळीचे उदाहरण पुरेसे आहे. १९५० च्या दशकात अनेक जमिनींबाबत भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली नोटिसा निघाल्या. पुढे १९७५ मध्ये महाराष्ट्राचा खाजगी वने संपादन कायदा आला आणि अशा नोटिसा निघालेल्या जमिनी शासनाकडे निहित झाल्या, अशी भूमिका शासनाने घेतली. त्यानंतर अनेक दशके कोणी काही बोलले नाही. सरकारी परवानग्या घेऊन इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून घरे घेतली. आणि मग या शतकाच्या पहिल्या दशकात महसुली अभिलेखात या जमिनी खाजगी वन असल्याच्या नोंदी होऊ लागल्या. घरांची खरेदी-विक्री अडली. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाच्या बाजूने निकाल दिला. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नुसती नोटीस निघणे पुरेसे नाही, ती बजावली गेली पाहिजे, धारकाला म्हणणे मांडता आले पाहिजे, आणि वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली नोटीस अचानक जिवंत करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शेरा लिहितानाच ‘नोटीस बजावल्याची तारीख’ आणि ‘सुनावणीची तारीख’ अशा दोन रिकाम्या जागा भरण्याची सक्ती असती, तर भरायला काही नाही हे लिहिणाऱ्याच्या तिथेच लक्षात आले असते.

संदिग्ध शब्दांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीही बजावले आहे. राजस्थानने १९७६ मध्ये नोंदणी कायद्यात एक कलम घातले होते. सार्वजनिक धोरणाच्या विरोधात असलेले दस्त कोणते, हे सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आणि निबंधकाने ते नोंदवायचे नाहीत. २००५ मध्ये बसंत नाहाटा प्रकरणात न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, कारण सार्वजनिक धोरण म्हणजे काय याला काही मापच नव्हते. महाराष्ट्रातही जुलै २०२१ मध्ये तुकड्यांचे खरेदीखत नोंदवू नये असे परिपत्रक निघाले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. परिपत्रकाने लोकांचा व्यवहार थांबवणे आणि कायद्याने ठरवलेल्या मजकुरातून तो नियंत्रित करणे, यांत फार मोठे अंतर आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीर आहे. शेरे सोपे आणि सुटसुटीत केले, सुटण्याची वाट त्यातच लिहिली, तर आदिवासींच्या, वतनदारांच्या, विस्थापितांच्या जमिनी धनदांडग्यांच्या घशात जातील, अशी भीती अनेक कार्यकर्ते बोलून दाखवतात. भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. संदिग्धतेचा फायदा नेहमी त्यालाच होतो ज्याच्याकडे वकील, वेळ आणि ओळखी आहेत.

आदिवासींच्या जमिनीचेच पाहा. संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने किंवा गहाणाने द्यायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा त्याहून लांब मुदतीचा पट्टा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनाही आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. हा दुहेरी बंदोबस्त १९७४ मध्ये मुद्दाम केला गेला. पण सातबाऱ्यावर बहुधा ‘कलम ३६ व ३६-अ ला अधीन’ एवढेच असते. लांब मुदतीच्या पट्ट्यासाठी नुसता जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा कागद पुढे आला, तर फेरफार प्रमाणित करणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याने शासनाच्या मान्यतेचा क्रमांकही मागायला हवा, हे त्याला कोण आठवण करून देणार? ‘शासन मान्यतेचा क्रमांक व दिनांक नसेल तर फेरफार नामंजूर करावा’ असे वाक्य शेऱ्यातच असेल, तर दबाव आणणाऱ्यासमोर तो अधिकारी त्या वाक्याकडे बोट दाखवू शकतो. आदिवासी धारकालाही शाळेत शिकणाऱ्या नातीकडून ते वाचून घेता येते. कमजोरांच्या रक्षणासाठी घातलेली अट कमजोरालाच वाचता येत नसेल, तर ती त्याच्या उपयोगाची राहत नाही.

दुसरा आक्षेप महसूल खात्यातून येतो: इनामांचे आणि वतनांचे इतके प्रकार, त्यांना ठरीव मजकूर पुरणार कसा? याचे उत्तर खात्यानेच देऊन ठेवले आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-क आहे. त्यात वर्ग दोनच्या जमिनींची चौदा प्रकारांत विभागणी आहे. कूळकायद्याच्या वेगळ्या, इनाम-वतनाच्या वेगळ्या, आदिवासींच्या वेगळ्या. वर्गीकरणाचे किचकट काम झालेले आहे. उरले आहे ते प्रत्येक प्रकारासमोर एक पूर्ण वाक्य लिहिण्याचे. इतिहास कितीही गुंतागुंतीचा असो, व्यवहाराच्या क्षणी विचारायचे प्रश्न थोडेच असतात. काय बंद आहे, कोणत्या कायद्याने, कोणाचा कोणता कागद आल्यावर उघडते, आणि कधी संपते.

कूळकायद्याच्या जमिनीसाठी असे वाक्य आजही लिहिता येईल: ‘ही जमीन कुळाने दि. … रोजी खरेदी केली आहे. दि. … पर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीचा क्रमांक व दिनांक असल्याशिवाय विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा पट्ट्याचा फेरफार मंजूर करू नये. जमीन सुधारणेसाठी शासन किंवा सहकारी संस्थेकडील गहाण वगळून. त्या तारखेनंतर, आकाराच्या चाळीसपट नजराण्याचे चलन आणि खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावा जोडल्यास व कमाल धारणा आणि तुकडेबंदीचे कायदे पाळले गेल्यास पूर्वपरवानगीची गरज नाही.’ सातारा, बीड आणि अमरावतीत फक्त कलमाचा आकडा बदलेल. एकत्र कुटुंबाच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी, कारण हिंदू कायद्यात कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी मिळकत विकण्याचा कर्त्याचा अधिकार मान्य आहे आणि शेऱ्याने तो काढून घेता येणार नाही. तिथे बंदीऐवजी सूचनेची अट योग्य: सहहिस्सेदारांची नावे आणि पत्ते लिहावेत, आणि त्या प्रत्येकाला फेरफाराची नमुना ९ ची नोटीस प्रत्यक्ष बजावल्याचा पुरावा असल्याशिवाय फेरफार प्रमाणित करू नये, असे म्हणावे. फेरफार प्रमाणित होण्याआधी बहिणीला विक्रीबद्दल कळले, तर हरकत घ्यायला तिच्याकडे पंधरा दिवस असतात. आज तिला ते अनेकदा शेतात पोकलेन उतरल्यावर कळते.

इंग्लंडमधल्या यादीतला आणखी एक मजकूर आपल्याकडे नव्याने आणण्यासारखा आहे. फॉर्म एलएल मालक स्वतःच्या नोंदीवर स्वतःहून चढवून घेतो. दस्तावर सही करणारा माणूस हाच खरा मालक आहे, याची खात्री केल्याचे वकिलाने प्रमाणित केल्याशिवाय व्यवहार नोंदवू नये, असे तो सांगतो. २०२१ मध्ये ल्युटन शहरातले एक पाद्री कामानिमित्त बाहेरगावी राहून परतले, तेव्हा तोतयाने त्यांचे घर विकून टाकल्याचे उघड झाले. तेव्हापासून या निर्बंधाची चर्चा तिथे वाढली. गोव्याला हे दुखणे परके नाही. मालक पोर्तुगालला, इंग्लंडला किंवा आखातात आणि बनावट कागदांवर त्याची जमीन तिसऱ्याच्या नावावर, अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोगही. गोव्याच्या एक व चौदाच्या उताऱ्यावर आणि महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर मालकाला स्वतःहून असे कुलूप लावता आले, तर मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या कोकणातल्या हजारो कुटुंबांना गावची जमीन परस्पर विकली जाण्याची धास्ती कमी होईल.

साधने हाताशी आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. फेरफार संगणकावर होतात. प्रलंबित फेरफार उताऱ्यावर दिसतो. मात्र संगणकीकरणाच्या वेळी जुन्या हस्तलिखितातले शेरे जसेच्या तसे टंकित झाले, आद्याक्षरांसह आणि चुकांसह. ‘इतर अधिकार’ रकान्यात आजही मोकळा मजकूर लिहिता येतो. तिथे मोकळ्या जागेऐवजी ठरलेल्या शेऱ्यांची यादी यावी, प्रत्येकाला क्रमांक असावा आणि रिकाम्या जागा भरल्याशिवाय प्रणालीने पुढे जाऊ देऊ नये. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. अधिकार अभिलेखाचे १९७१ चे नियम राज्य शासनाचेच आहेत. त्यांना एक परिशिष्ट जोडायचे आहे. परिशिष्टाबाहेरचा शेरा लिहायचा असेल, तर तहसीलदाराने कारणे देऊन लेखी आदेश काढावा आणि त्या आदेशाचा क्रमांक शेऱ्यातच यावा.

जुन्या शेऱ्यांचे काय, हा प्रश्न सर्वांत कष्टाचा आहे, पण तिथेही सुरुवात झाली आहे. एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या जिवंत सातबारा मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम झाले आणि पुढच्या टप्प्यात तगाई, बंडिंगचे बोजे, ए. कु. मॅ. यांसारख्या कालबाह्य नोंदी घेण्यात आल्या. त्याच मोहिमेला निर्बंधांच्या रूपांतराचा टप्पा जोडता येईल. गावात चावडी वाचन घ्यावे, प्रत्येक शेरा मूळ फेरफाराशी ताडून ठरीव मजकुरात आणावा आणि धारकाला त्याची प्रत द्यावी. ज्या शेऱ्याचा मूळ फेरफार किंवा आदेश सापडत नाही, त्याबाबत धारकाचे म्हणणे ऐकून संहितेच्या कलम १५५ खाली ठरावीक मुदतीत निर्णय व्हावा. मूळ कागद शोधण्याची जबाबदारी धारकावर टाकू नये, कारण दप्तर शासनाच्या ताब्यात आहे. आदिवासी, वतन आणि पुनर्वसनाच्या जमिनी यांना मात्र यातून वगळावे. तिथे कागद सापडत नाही एवढ्यावरून शेरा काढू नये. जिल्हाधिकाऱ्यांनी अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख कार्यालय आणि पुनर्वसन शाखा तपासून तसा दाखला दिल्यानंतरच त्या नोंदीला हात लावावा, आणि तोवर तिथे ठरीव मजकुरातला सर्वांत कडक शेरा ठेवावा.